जागा आहे, उतारा नाही

‘प्लॉट घेतला म्हणे?’
‘घेतला की.’
‘खरेदीखत झालं?’
‘खरेदीखत कशाचं, बाँडवर आहे.’

बीड, माजलगाव, गेवराई, परळी, मराठवाड्यातल्या कुठल्याही नगरपालिकेच्या गावात चहाच्या हॉटेलात हे बोलणं कानावर पडतं आणि कुणी मान वर करून बघतही नाही. बाँड म्हणजे मुद्रांक, पूर्वी शंभराचा. त्यावर लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा, ‘रक्कम रोख मिळाली, तक्रार नाही’, दोन साक्षीदार, एखादा अंगठा आणि शेवटी नोटरीचा गोल शिक्का. २०२४ च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने अशा दस्तांचं किमान मुद्रांक शुल्क शंभरावरून पाचशेवर नेलं. कागद पाचपट महागला, त्याचं वजन होतं तेवढंच राहिलं. कारण शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जागा नोंदणीकृत दस्ताशिवाय विकत घेता येत नाही, हे मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात १८८२ पासून लिहून ठेवलंय. आज शंभर रुपयांत पत्र्याच्या शेडचे खिळेही धड येत नाहीत.

म्हणजे कायद्याच्या लेखी बाँडवाला मालक नाही. पण त्याने पैसे मोजलेले असतात. दोन खोल्या काढलेल्या असतात, विजेचं मीटर त्याच्या नावावर असतं, नगरपालिका त्याच्याकडून घरपट्टी वसूल करते आणि त्याच वेळी ‘कर आकारणी म्हणजे मालकी हक्काचा पुरावा नव्हे’ असंही सांगून ठेवते. सातबाऱ्यावर नाव अजून मूळ शेतकऱ्याचंच. तो शेतकरी वारला की त्याच्या मुलांची नावं लागतात, मुलींची लागतात, आणि त्यांतल्या एखाद्याच्या मनात आलं तर तोच प्लॉट दुसऱ्याला पुन्हा ‘बाँडवर’ जातो. इकडे बाँडवाला वारला तर त्याच्या बायकोला वारसफेर करता येत नाही, कारण ज्या उताऱ्यावर नवऱ्याचं नावच नव्हतं त्यावरून ते कमी काय करणार आणि तिचं लावणार काय? प्रतिज्ञापत्र करून घरपट्टीच्या पावतीवर तिचं नाव चढतं. तेवढ्यावर ती घर धरून राहते.

मग हा माणूस पहिल्याच दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत का जात नाही? अडाणीपणा हे त्याचं उत्तर नाही, जरी शहरातली शिकलेली मंडळी ते फार लवकर देतात. उत्तर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात आहे. पिकवायला परवडणार नाही इतके शेतीचे बारीक तुकडे होऊ नयेत, हा त्याचा हेतू. २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी किमान क्षेत्र जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे ठरलं. मजुराला हवा असतो एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. तोही झेपला नाही तर अर्धा. शेतकऱ्याने रीतसर जायचं म्हटलं तर एनए म्हणजे बिगरशेती परवाना, नगररचनेचा मंजूर लेआउट, रस्ते, मोकळी जागा असा लांबचा रस्ता. त्यातून बाहेर पडलेला प्लॉट मोंढ्यातल्या हमालाच्या किंवा बांधकामावरच्या बिगाऱ्याच्या आवाक्यात राहत नाही. म्हणून शेतात फक्की मारून रेघा आखल्या जातात, मधे बैलगाडी जाईल एवढी वाट सोडली जाते आणि गुंठ्या-गुंठ्याने रान विकलं जातं. वीस-पंचवीस वर्षांनी त्या वाटेत गटार, नळ आणि रिक्षा हे तिन्ही मावत नाहीत, पण ते पुढचं.

याला लोक गुंठेवारी म्हणत आले आणि कायद्यानेही तोच शब्द उचलला. महाराष्ट्राचा गुंठेवारी कायदा २००१ चा. १ जानेवारी २००१ पूर्वी पडलेले प्लॉट त्यात नियमित होऊ शकत होते. २०२१ मध्ये ती तारीख सरकवून २०२० च्या डिसेंबरअखेरपर्यंत आणली. तुकडेबंदी मोडून झालेले व्यवहार नियमित करायला बाजारभावाच्या २५ टक्के रक्कम भरावी लागे, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये पाच टक्क्यांवर आली. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी शहरी भागातल्या एका गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांना मोकळीक देण्याची घोषणा केली. घोषणा चांगलीच होती. पण पंचवीस वर्षांत तारीख सरकली, टक्का घसरला, आणि दर वेळी नव्या तारखेच्या पलीकडे नव्या रेघा पडत राहिल्या. जो हमाल नवा प्लॉट घेतो त्याच्यासाठी कायद्यात काय आहे, हा प्रश्न या वर्षांत मागेच पडत राहिला. जुनं माफ करायचं आणि नव्याला जुनं व्हायला सांगायचं, असा हा कारभार.

झोपडपट्टी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर धारावी येते. ते स्वाभाविक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साडेसहा कोटी माणसं झोपडपट्ट्यांत राहत होती आणि त्यांतली सगळ्यात जास्त, जवळपास १ कोटी १८ लाख, महाराष्ट्रात होती. मुंबईसाठी उपाय शोधला गेला तोही मुंबईच्या जागेच्या भावावर बेतलेला. बिल्डरने झोपडीवाल्यांना फुकट घरं बांधून द्यायची आणि उरलेल्या जागेवर विकायची घरं बांधून खर्च काढायचा, हे झोपडपट्टी पुनर्वसनाचं गणित. बीडमध्ये ते मांडायलाच घेता येत नाही. इथे जागेला तेवढा भाव नाही, वरच्या मजल्यावर घर घेणारं गिऱ्हाईक मोजकं, आणि शेळी, हातगाडी, सरपण, वाळवणं यांच्यासकट सातव्या मजल्यावर राहायला कुणी तयार नाही. बीड शहराची लोकसंख्या २०११ ला १,४६,७०९ होती. जिल्ह्यात पाच माणसांमागे एक शहरी. अशा गावांकडे गृहनिर्माणाच्या चर्चेत कुणी फारसं बघत नाही, आणि बघितलं तर मुंबईचा चष्मा घालून बघतात.

बीड वाढलं ते बिंदुसरेच्या दोन्ही अंगांनी. पलीकडे पेठ बीड, अलीकडे जुनं गाव, मग मोंढा, आणि नंतर बार्शी नाका, जालना रोड, नगर रोड अशी वाटांच्या नावांनी ओळखली जाणारी वस्ती. १९७२ च्या दुष्काळाने खेडी हलवली. १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर दलित वस्त्या जाळल्या गेल्या, त्यानंतर अनेक कुटुंबांनी गावाकडे पाठ फिरवून तालुक्याचं ठिकाण जवळ केलं. परळीला औष्णिक वीज केंद्राने माणसं ओढून आणली. पैसे मोजून गुंठा घेणं ज्यांना जमलं नाही त्यांनी मोकळी दिसली तिथे पालं टाकली, नंतर कूड, नंतर पत्रे, नंतर विटा. मोकळी दिसणारी जागा बहुतेक वेळा चौघांपैकी एकाची निघते: सरकारची, देवाची, रेल्वेची किंवा नदीची.

यांतली देवाची जागा मराठवाड्याची खासियत आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं. तिथल्या दप्तरात मदतमाश आणि खिदमतमाश असे इनामांचे प्रकार. कुणाच्या चरितार्थासाठी दिलेली ती मदतमाश, मशीद, दर्गा किंवा देवळाच्या सेवेसाठी दिलेली ती खिदमतमाश. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने इनामं गेली, जमिनी ‘वर्ग दोन’च्या झाल्या, म्हणजे सरकारला नजराणा भरल्याशिवाय विकता येईनात. गावं मात्र नजराण्याची वाट बघत थांबली नाहीत. त्या जमिनींवर आळ्या वसल्या, दुकानं निघाली, दोन-तीनदा हात बदलले. शेवटी २०२४ मध्ये मदतमाश जमिनींचा नजराणा ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणायचा निर्णय झाला. खिदमतमाशचा गुंता वेगळाच, कारण ती देवस्थानाची किंवा वक्फची मिळकत. तिथे भाडेकरूच्या तिसऱ्या पिढीला आपण भाडेकरू आहोत हेच ठाऊक नसतं. आणि मूळ कागद उर्दूत. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरं उघडायला बसली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळलं की मराठवाड्यात जुना कागद मिळवणं आणि तो वाचणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत.

सरकारी जागेतली सगळ्यात मोठी म्हणजे गायरान. मालकी राज्याची, सांभाळ ग्रामपंचायतीचा, उपयोग गुरं चारायला. मराठवाड्यात गायरानाचा इतिहास भूमिहीनांच्या लढ्याशी बांधलेला आहे. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा पहिला सत्याग्रह १९५३ मध्ये मराठवाड्यातच केला. पुढच्या पिढीत बीड जिल्ह्यातल्या दुकडेगावचे एकनाथ आवाड मानवी हक्क अभियानातून दलित आणि पारधी कुटुंबांना गायरानावर उभं करत राहिले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वी भूमिहीनांनी कसायला घेतलेलं गायरान नियमित करायची वाट मोकळी केली. तारीख आंबेडकर जयंतीची निवडली होती. पण ती वाट शेतीची होती. कसणाऱ्याला पट्टा मिळू शकत होता. त्याच गायरानावर नुसतं राहणाऱ्याचं काय, ते कितीतरी वर्षं अधांतरी राहिलं.

दरम्यान सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल आला. पंजाबातल्या एका गावच्या तळ्यावरचं अतिक्रमण हे निमित्त. निकालाने देशभरच्या गावकीच्या जमिनी मोकळ्या करायला सांगितलं. त्यातच भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने दिलेल्या पट्ट्यांसाठी अपवादही ठेवला होता, पण तालुका पातळीवर पोचेपर्यंत निकालातलं ‘हटवा’ पोचतं, अपवाद वाटेत गळतो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, तेव्हा राज्यभरात गायरानांवर सव्वादोन लाखांच्या आसपास बांधकामं असल्याचा आकडा समोर आला. वर्षअखेरीस हटवायची म्हणून नोटिसा निघाल्या. गावोगाव मोर्चे झाले आणि सरकारने माघार घेतली. नोटिसा मात्र घरात राहिल्या. पुष्कळ घरांत ती नोटीसच आता जपून ठेवतात, कारण सरकारने आपल्याला या पत्त्यावर ओळखल्याचा तोही एक पुरावा!

हे गमतीने लिहिलेलं नाही. मुंबईत १९८१ मध्ये बॅरिस्टर अंतुले यांच्या सरकारने फुटपाथवरच्या माणसांना हाकलायला घेतलं, त्यावरून ओल्गा टेलिस खटला उभा राहिला. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. ते वाक्य पाठ्यपुस्तकांत गेलं. पण त्याच निकालाने रीतसर नोटीस देऊन हटवायला परवानगी दिली, आणि १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितलं. तेव्हापासून गरिबाचा हक्क तारखेला आणि कार्डाला जखडला गेला. आधी १९७६, मग १ जानेवारी १९९५, मग २०००, मग पैसे भरून २०११.

सरकारी जागेवर घर असलेल्यांसाठी ‘सर्वांसाठी घरे’ या धोरणात २०१८ मध्ये दोन शासन निर्णय निघाले, फेब्रुवारीत खेड्यांसाठी, नोव्हेंबरात शहरांसाठी. १ जानेवारी २०११ पूर्वीपासून राहत असाल तर शहरात १,५०० चौरस फुटांपर्यंत जागा नावावर होऊ शकते. छोट्या गावांसाठी याहून जवळचा उपाय आजवर निघालेला नाही. पण तो पुराव्यावर चालतो: मतदार यादी, विजेचं बिल, घरपट्टी, शिधापत्रिका. आणि बीडमधला गरीब वर्षातले पाच-सहा महिने बीडमध्ये नसतो.

दसरा झाला की जिल्ह्यातून कोयते बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला कोल्हापूर, सांगली, सोलापूर, कर्नाटक. तिथे कारखान्याच्या माळावर किंवा फडाजवळ कोपी घालायची, बांबू वाकवून, वर पाचट नाहीतर प्लास्टिकचा कागद. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. ऊसतोड्या खेड्यातलाच असतो असं नाही. माजलगाव, केज, वडवणी, खुद्द बीडच्या कडेच्या वस्त्यांतूनही जोड्या जातात आणि उन्हाळ्यात वीटभट्टीवर किंवा बांधकामावर येतात. आता सरकारी काम डिसेंबर ते मार्च जोरात असतं, कारण आर्थिक वर्ष संपत असतं. सर्वेक्षण करणारा कर्मचारी जानेवारीत गल्लीत येतो तेव्हा दारांना कुलपं. नोंदवहीत ‘घर बंद’ एवढाच शेरा पडतो. विजेचं बिल थकून मीटर कापलं गेलं असेल तर त्या वर्षाचा तोही पुरावा गेला. यादी लागते तेव्हा पंधरा वर्षं त्याच ठिकाणी राहिलेलं कुटुंब त्यात नसतं आणि शेजारी भाड्याने दोन वर्षांपूर्वी आलेल्याचं नाव असतं.

मोजणी आषाढ-श्रावणात ठेवली तर निम्मा प्रश्न सुटेल. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, नवा निधी लागत नाही. पण सर्वेक्षणाचं वेळापत्रक मुंबईत ठरतं आणि मुंबईच्या झोपडीतला माणूस हंगामात ऊस तोडायला जात नाही.

घरकुलाचा पैसा तसा कमी नाही. प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग जून २०१५ मध्ये सुरू झाला. त्यात चार रस्ते होते. बिल्डर, बँकेचं कर्ज आणि मोठे प्रकल्प यांच्यावर चालणारे तीन बीडसारख्या गावात अडखळले आणि चौथाच चालला: स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधा, केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीची रमाई आवास योजनाही याच वळणाची. अर्जात पहिला रकाना मालकीच्या पुराव्याचा. पीआर कार्ड, म्हणजे मिळकत पत्रिका, किंवा खरेदीखत. बाँड चालत नाही, गायरान चालत नाही, इनाम चालत नाही. ज्याच्या डोक्यावर पत्रा आहे त्याला पक्कं घर मिळावं म्हणून काढलेली योजना ज्याच्याकडे उतारा आहे त्याच्या दारात जाऊन थांबते. घर बायकोच्या नावे किंवा दोघांच्या नावे असावं ही तिच्यातली अट फार चांगली आहे, पण उताराच नसेल तर नाव लावायचं कशावर?

यात आणखी एक वळण आलं. गेल्या दहा-बारा वर्षांत केज, वडवणी, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार ही तालुक्याची गावं नगरपंचायती झाली. बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई आणि धारूरला नगरपरिषदा होत्याच. म्हणजे अकराही तालुक्यांची मुख्य ठिकाणं कागदावर शहरं झाली. गाव तेच, एसटी स्टँड तेच. पण गावातला गरीब एका रात्रीत ग्रामीण योजनांमधून बाहेर पडला. खेड्यात घरकुल मंजूर झालेल्या भूमिहीनाला जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते. शहरात तिला जोड नाही. त्याच महिन्यांत जागेचे भाव चढले, कारण ‘नगरपंचायत झाली’ ही एजंटांसाठी आनंदाची बातमी असते. बीडला तर १७ सप्टेंबर २०२५ ला रेल्वेही आली. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गासाठी तीन पिढ्यांनी आंदोलनं केली होती, त्यामुळे पहिली गाडी बघायला उसळलेली गर्दी खरी होती आणि आनंदही. पण रेल्वे आली की स्टेशनकडच्या रानाला भाव येतो आणि रेल्वेच्या हद्दीत एकही झोपडी नियमित होत नाही, कारण ती जमीन केंद्राची, राज्याचे निर्णय तिला लागत नाहीत. परळीकरांना हे जुनंच माहीत आहे.

उरली नदीची जागा. २३ जुलै १९८९ ला बिंदुसरेला अचानक पूर आला आणि काठच्या वस्त्या माणसांसकट वाहून गेल्या. बीडमधले साठीच्या पुढचे लोक आजही पाऊस जास्त झाला की त्या पुराचा हिशेब काढतात. पूररेषेच्या आत कुणाला पट्टा देता येत नाही आणि देऊही नये. अशा कुटुंबांना दुसरीकडे जागा द्यायला हवी, ती कामाच्या ठिकाणापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. सहा-सात किलोमीटर लांब माळावर घर दिलं तर धुणीभांडी करणाऱ्या बाईची दोन घरं सुटतात आणि रिक्षाचं भाडं वाढतं. ती चावी ठेवते आणि पुन्हा नदीकाठी येते. लोक याला ‘घर विकून खाल्लं’ म्हणतात. पुरानंतरच्या मदतीतही मालकीचा प्रश्न मधे येतो. आपत्ती मदतनिधीच्या निकषांत सपाट प्रदेशातलं पूर्ण पडलेलं घर १ लाख २० हजारांचं आणि झोपडी ८ हजारांची. शिवाय पडलेलं घर अधिकृत बांधकाम असल्याचा दाखला लागतो. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणेच्या आणि गोदावरीच्या काठची गावं पाण्यात गेली तेव्हा पंचनाम्याच्या रांगेत हाच दाखला पुन्हा विचारला गेला असणार, याला कल्पनाशक्ती लागत नाही.

कागद मिळाला तर नेमकं काय होतं, याचं उत्तर योगायोगाने अर्जेंटिनात मिळालं. ब्यूनोस आयर्सच्या कडेला १९८१ मध्ये सुमारे १,८०० कुटुंबांनी एका मोकळ्या रानात झोपड्या टाकल्या. जागा सरकारी आहे अशी त्यांची समजूत. ती निघाली वेगवेगळ्या खाजगी मालकांची. १९८४ मध्ये सरकारने कायदा करून ती घ्यायची आणि रहिवाशांना द्यायची ठरवली. काही मालकांनी भरपाई घेतली, काही कोर्टात गेले आणि वर्षानुवर्षं बसले. त्यामुळे एकाच वस्तीत, एकसारखी गरिबी असलेल्या शेजाऱ्यांपैकी काहींना मालकी मिळाली, काहींना नाही. गॅलियानी आणि शार्ग्रोड्स्की या दोन अर्थशास्त्रज्ञांनी बऱ्याच वर्षांनी जाऊन मोजलं. कागद मिळालेल्यांच्या भिंती आणि छपरं चांगली झाली होती, मुलं जास्त शिकली होती, कुटुंबं लहान होती. बँकेचं कर्ज मात्र त्यांनाही फारसं मिळालं नव्हतं. कागद दिला की गरिबाच्या घराचं भांडवल होईल आणि बँका धावत येतील, असं पेरूचे हर्नांडो डी सोटो सांगत होते आणि जगभरची सरकारं माना डोलावत होती. ते तसं झालं नाही. माणसांनी विटा आणल्या, हे झालं. उद्या बुलडोझर येणार नाही याची खात्री असली की माणूस विटा आणतो. हे सांगायला बीडच्या गवंड्याला अर्थशास्त्र लागलं नसतं.

आपल्या देशात ओडिशाने यातलं काम मनावर घेतलं. २०१७ च्या कायद्याने तिथल्या छोट्या शहरांतल्या झोपडीवासीयांना जागेचे हक्क द्यायला सुरुवात झाली. हक्क वारसाने पुढे जातो, घरकर्जासाठी गहाण ठेवता येतो, पण विकता येत नाही. नवरा-बायको दोघांची नावं. ड्रोनने नकाशा काढायचा आणि वस्तीतल्याच लोकांनी घरोघर फिरून तो तपासायचा. ‘जागा मिशन’ असं त्याचं नाव, आणि ओडियातही ‘जागा’ म्हणजे जागाच. विकायला बंदी हा मुद्दा वादाचा आहे. मालकी द्यायची तर पूर्ण द्या, गरिबानेच का बांधून घ्यायचं, असा आक्षेप घेणारे चूक नाहीत. तरी बीडसारख्या ठिकाणी निदान पहिली काही वर्षं ही बंदी हवी, असं इथली उचल बघितल्यावर वाटतं. मुकादमाची थकबाकी असलेल्या कुटुंबाच्या हातात विकता येणारा पट्टा आला तर तो कुठल्या हातात जाईल, हे हंगाम संपताना हिशेबाला बसलेल्या कुणालाही विचारावं.

ओडिशाच्या मानाने बीडचं काम सोपंही आहे. घरं बैठी, जागा मोजता येण्याजोगी, अकरा गावं. बाँडवाल्यांसाठी गुंठेवारी, सरकारी जागेवाल्यांसाठी २०१८ चा निर्णय, मदतमाशसाठी पाच टक्के, असे तीन कायदेशीर दरवाजे उघडेच आहेत. तीन दरवाजे तीन कचेऱ्यांत मात्र आहेत: नगरपालिका, उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी कार्यालयातली इनाम शाखा. शिवाय मोजणीसाठी भूमिअभिलेख. आपलं घर नेमक्या कुठल्या प्रकारच्या जमिनीवर आहे हे आधी कळल्याशिवाय कुठल्या दारात उभं राहायचं ते ठरत नाही, आणि ते कळायला जो उतारा लागतो तोच तर नाही. मजुराचा रोज बुडतो, चार हेलपाट्यांनंतर तो एजंट गाठतो.

म्हणून प्रत्येक घरात एक पिशवी असते. कापडदुकानातली जाड प्लास्टिकची, तोंडाला सुतळी. आत बाँड, कडेने पिवळा पडलेला आणि घडीवर फाटायला आलेला. घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिलं, जुनी आणि नवी शिधापत्रिका, मतदान ओळखपत्रं, आधार, मुलांचे शाळेचे दाखले, एखादी नोटीस, एखाद्या मोर्चात दिलेल्या निवेदनाची पोच. झेरॉक्स वेगळ्या, मूळ कागद वेगळे. घरातल्या बाईला प्रत्येक कागद कुठे आहे ते अंधारातही सापडतं, वाचता येत नसलं तरी.

दसऱ्यानंतर ट्रॅक्टर दारात लागतो. भांडी, धान्य, कोयते, शेळी, लहान पोर, सगळं चढतं. पिशवीचं काय करायचं ते तेव्हा ठरतं. बरोबर न्यावी तर कोपी पाचटाची, चुलीची एक ठिणगी पुरते. घरात ठेवावी तर पत्र्याला भोकं, आणि कुलूप तर कुणालाही मोडता येतं. मागे म्हातारी सासू राहणार असेल तर पिशवी तिच्या उशाशी जाते. ती नसेल तर नोकरीवाल्या शेजाऱ्याकडे, किराणा दुकानदाराकडे, नाहीतर ज्याने प्लॉट विकला त्याच शेतकऱ्याच्या कपाटात.